ब्रॉन्टे घराणे: दंतकथा किती, दस्तऐवज किती?

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर स्कारबरो नावाचे गाव आहे. तेथे एका टेकडीवर, समुद्राच्या वाऱ्यात, ॲन ब्रॉन्टे या लेखिकेची कबर आहे. कबरीच्या दगडावर तिचे वय २८ वर्षे कोरलेले आहे. ॲनचा जन्म १७ जानेवारी १८२० चा आणि मृत्यू २८ मे १८४९ चा. बोटांवर हिशेब केला तरी वय २९ भरते. सख्ख्या बहिणीने उभारलेल्या दगडावर ही चूक राहिली आणि पुढे दीडशेहून अधिक वर्षे लोक ती वाचत आले. पुढे शेजारी नवी पाटी बसवली तेव्हा कुठे बरोबर वय लिहिले गेले.

दगडावरची एक वर्षाची चूक कोणाचे नुकसान करत नाही. पण याच घराण्याविषयी पुस्तकांत छापल्या गेलेल्या काही गोष्टींनी माणसांची अब्रू घेतली. एका म्हाताऱ्या बापाला, सहाही मुले गमावल्यावर, स्वतःविषयीच्या खोट्यानाट्या गोष्टी छापील पानावर वाचाव्या लागल्या. आणि गंमत अशी की ते पुस्तक त्यानेच लिहायला सांगितले होते!

आमच्या घरात मुली कॉलेजात इंग्रजी शिकतात. त्यांच्या अभ्यासाला 'जेन एअर' आणि 'वुदरिंग हाइट्स' या कादंबऱ्या आल्या, त्या निमित्ताने आम्हीही या घराण्याची चरित्रे चाळू लागलो. चाळता चाळता लक्षात आले की येथे शिकण्यासारखे बरेच आहे, आणि ते फक्त इंग्रजीच्या विद्यार्थ्यांसाठी नाही. म्हणून हा लेख.

घराणे थोडक्यात

पॅट्रिक ब्रॉन्टे यांचा जन्म १७ मार्च १७७७ रोजी आयर्लंडच्या काउंटी डाउनमध्ये एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. दहा भावंडांतले ते थोरले. घराचे आडनाव तेव्हा ब्रंटी किंवा प्रंटी असे लिहिले जाई. स्वतःच्या हिमतीवर शिकून १८०२ साली ते केंब्रिजला पोहोचले, पुढे पाद्री झाले आणि आडनाव 'ब्रॉन्टे' असे लिहू लागले. १८१२ च्या डिसेंबरात त्यांनी मरिया ब्रॅनवेल यांच्याशी लग्न केले. सहा मुले झाली: मरिया, एलिझाबेथ, शार्लट, ब्रॅनवेल (हा एकटाच मुलगा), एमिली आणि ॲन.

१८२० साली कुटुंब यॉर्कशरमधल्या हॉवर्थ गावी राहायला आले. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १८२१ मध्ये, आई वारली. धाकटी ॲन तेव्हा दोन वर्षांचीही नव्हती. आईची थोरली बहीण, म्हणजे मुलांची खाला, घर सांभाळायला आली ती शेवटपर्यंत राहिली. १८२५ साली थोरल्या दोन मुली क्षयाने गेल्या. उरलेल्या चौघांनी खेळता खेळता काल्पनिक राज्ये रचली, त्यांचे इतिहास लिहिले. १८४६ मध्ये तिघी बहिणींनी करर, एलिस आणि ॲक्टन बेल अशी टोपणनावे घेऊन कवितांचे पुस्तक छापले. वर्षभरात त्याच्या दोन प्रती खपल्या! पण १८४७ साली 'जेन एअर' आली आणि शार्लटचे टोपणनाव घरोघर झाले. त्याच वर्षाअखेर एमिलीची 'वुदरिंग हाइट्स' आणि ॲनची 'ॲग्नेस ग्रे' बाहेर पडली.

मग मृत्यू लागोपाठ आला. सप्टेंबर १८४८ मध्ये ब्रॅनवेल, डिसेंबरात एमिली, पुढच्या मे महिन्यात ॲन. आठ महिन्यांत तीन जनाजे. शार्लटने १८५४ साली आर्थर बेल निकल्स यांच्याशी लग्न केले आणि वर्षही पुरे व्हायच्या आत, ३१ मार्च १८५५ रोजी, तीही गेली. बाप मात्र १८६१ पर्यंत जगला. तेव्हा त्याचे वय होते ८४.

चरित्र लिहिले कोणी आणि का?

शार्लट गेल्यावर वर्तमानपत्रांत उलटसुलट छापून येऊ लागले. वैतागून पॅट्रिक यांनी शार्लटची मैत्रीण आणि नावाजलेली कादंबरीकार एलिझाबेथ गॅस्केल यांना मुलीचे चरित्र लिहिण्याची विनंती केली. १८५७ साली ते प्रसिद्ध झाले आणि भरपूर खपले. आजही ते इंग्रजीतल्या उत्तम चरित्रांत गणले जाते. गॅस्केलबाईंनी कष्ट केले होते. शेकडो पत्रे वाचली, हॉवर्थला गेल्या, ब्रसेल्सपर्यंत प्रवास केला.

पण त्यांच्यापुढे एक अडचण होती. 'जेन एअर' वाचून काही टीकाकारांनी शार्लटला उद्धट, मर्यादा सोडलेली बाई ठरवले होते. गॅस्केल यांना मैत्रिणीचे नाव धुऊन काढायचे होते. त्यासाठी त्यांनी वाट शोधली ती अशी: शार्लटच्या लेखनात काही कठोर वाटत असेल तर दोष तिचा नाही, दोष त्या रानटी गावाचा, विक्षिप्त बापाचा आणि वाया गेलेल्या भावाचा. मैत्रिणीची वकिली करताना इतरांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे लागले. बहुतेक दंतकथांचे मूळ येथे आहे.

रेशमी झगा आणि जळलेले बूट

गॅस्केल यांनी पॅट्रिक यांच्याविषयी लिहिलेल्या गोष्टी अशा: त्यांनी रागाच्या भरात बायकोचा रेशमी झगा फाडून टाकला, मुलांचे रंगीत बूट चैनीचे म्हणून आगीत टाकले, खुर्च्यांच्या पाठी करवतीने कापल्या, राग आला की मागच्या दारातून पिस्तुलाचे बार काढले, मुलांना मांस खाऊ दिले नाही, नुसत्या बटाट्यांवर ठेवले.

या गोष्टी आल्या कोठून? १८५० साली गॅस्केल यांची शार्लटशी पहिली भेट झाली ती एका उमराव घराण्यातल्या बाईंच्या घरी. या यजमानीणबाईंनी या कहाण्या सांगितल्या. त्यांना त्या एका म्हातारीकडून कळल्या होत्या. ही म्हातारी म्हणजे तीस वर्षांपूर्वी मुलांच्या आईच्या शेवटच्या आजारात शुश्रूषेला ठेवलेली बाई, आणि तिला कामावरून काढून टाकलेले होते. आमच्या वाचकांना रिवायत म्हणजे काय आणि रावी कोण हे पाहण्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. येथे सांगणारी घरधन्यावर नाराज, मधला दुवा हौशी, आणि ऐकणारी कादंबरीकार. साखळीची प्रत्येक कडी कच्ची.

आता दुसरी बाजू पाहू. घरात कित्येक वर्षे राहिलेल्या नॅन्सी आणि सारा गार्स या बहिणींनी धन्याचा असा स्वभाव आम्ही पाहिला नाही असे सांगितले. खुद्द पॅट्रिक यांनी गॅस्केल यांना लिहून कळवले की आपण थोडे विक्षिप्त असू, पण झगा फाडणे, खुर्च्या कापणे असले काही केलेले नाही. त्यांच्या त्या पत्रात राग फार थोडा आहे, पुस्तकाचे कौतुक जास्त आहे. मुलीचे चरित्र चांगले झाले यातच त्या बापाला समाधान होते. तिसऱ्या आवृत्तीत गॅस्केल यांनी अशा काही गोष्टी गाळल्या. पण पहिली आवृत्ती लोकांच्या हातात गेली होती. तोंडातून गेलेला शब्द आणि छापखान्यातून गेलेले पान परत येत नाही.

पिस्तुलाचे काय? ते खरे होते, पण त्याचे कारण वेगळे. १८१२ च्या सुमारास यॉर्कशरमध्ये यंत्रे फोडणाऱ्या कामगारांची दंगल पेटली होती. पॅट्रिक तेव्हा त्याच भागात पाद्री होते आणि स्वरक्षणासाठी भरलेले पिस्तूल बाळगू लागले. ती सवय पुढेही राहिली. त्या काळच्या पिस्तुलातली गोळी काढायची तर झाडावीच लागे, म्हणून ते रोज सकाळी बार काढत. घटना खरी, हेतू मात्र जोडलेला. दंतकथा बहुधा अशीच तयार होते. ती साफ खोटी नसते, खऱ्याला लावलेली फोडणी असते.

आणि मांसाचे? एमिली आणि ॲन यांनी २४ नोव्हेंबर १८३४ रोजी लिहिलेली रोजनिशीची एक चिठ्ठी टिकून आहे. मुली सोळा आणि चौदा वर्षांच्या. स्वयंपाकघरातला गोंधळ, कोणी पसारा आवरलेला नाही, आणि जेवणाचा बेत: उकडलेले मांस, सलगम, बटाटे आणि सफरचंदाचे पुडिंग. मुलींनी कोणाला पटवण्यासाठी हे लिहिले नव्हते. म्हणूनच त्या चिठ्ठीचे वजन मोठमोठ्या प्रकरणांपेक्षा जास्त आहे.

पण बापाला संत करायचीही गरज नाही. घरी लॅटिन-ग्रीक शिकवण्याची मेहनत त्यांनी मुख्यतः मुलासाठी घेतली. शार्लटला निकल्स यांनी १८५२ च्या अखेरीस मागणी घातली तेव्हा त्यांनी इतका थयथयाट केला की निकल्स यांना काही काळ गाव सोडावे लागले. हे शार्लटच्या स्वतःच्या पत्रांतून कळते. त्याच बापाने मुलींना घरातले कोणतेही पुस्तक, कोणतेही वर्तमानपत्र वाचायला मोकळीक दिली होती, हेही तितकेच खरे. माणूस असा दोन्ही असतो.

'रानातले' गाव

हॉवर्थ म्हणजे जगापासून तुटलेली, माळरानावरची ओसाड वस्ती, असे चित्र सिनेमांनी आणखी गडद केले. प्रत्यक्षात ते लोकरीच्या धंद्याचे, गिरण्यांचे, माणसांनी गच्च भरलेले गाव होते. चार मैलांवर कीथली, तेथे बाजार आणि १८४७ पासून रेल्वे. गावात सभा भरत, वर्गणीची वर्तमानपत्रे येत. पॅट्रिक यांनी १८३७ मध्ये गरिबांना जाचक ठरलेल्या कायद्याविरुद्ध सभा घेतली होती.

गावाची खरी शोकांतिका वाऱ्याची नव्हती, पाण्याची होती. पॅट्रिक यांनी सरकारकडे लकडा लावल्यामुळे १८५० साली बेंजामिन बॅबेज नावाचे निरीक्षक पाहणीला आले. त्यांच्या अहवालानुसार गावातल्या मृतांचे सरासरी वय २५.८ वर्षे होते आणि ४१.६ टक्के मुले सहा वर्षांची व्हायच्या आत मरत. गटारे उघडी, संडास अपुरे, पिण्याचे पाणी दूषित, कब्रस्तान भरून गेलेले. ब्रॉन्टे भावंडे तरुणपणी का गेली याचे उत्तर शोधताना 'शापित घराणे' म्हणणे सोपे आहे. त्या गावात तरुणपणी मरणे हाच नियम होता. आणि तो बदलण्यासाठी धडपडणारा माणूस म्हणजे तोच 'विक्षिप्त' पाद्री.

शाळा, कादंबरी आणि कोर्टाची भीती

१८२४ साली चार बहिणींना कोवन ब्रिज येथील पाद्र्यांच्या मुलींच्या शाळेत घातले होते. थोरल्या मरिया आणि एलिझाबेथ तेथे आजारी पडल्या आणि घरी आणल्यावर वारल्या. शार्लटने पुढे 'जेन एअर'मधली लोवुड ही निष्ठुर शाळा याच आठवणींवरून रंगवली. गॅस्केल यांनी कादंबरीतली शाळा जवळजवळ जशीच्या तशी चरित्रात घेतली. त्यावर संस्थापकांचे समर्थक चिडले आणि वर्तमानपत्रांत वाद पेटला. निकल्स यांनी शार्लटच्या बाजूने उत्तरे दिली. खरे काय? जेवण वाईट होते, थंडी कडक होती, मुली आजारी पडल्या. एवढ्यावर फारसा वाद उरत नाही. पण आठ वर्षांच्या, दोन बहिणी गमावलेल्या मुलीची आठवण हे दुःखाचे अस्सल चित्र असते, शाळेचे हजेरीपत्रक नसते.

ब्रॅनवेलच्या बाबतीत तर प्रकरण वकिलांपर्यंत गेले. तो ज्या घरी शिकवणीला होता तेथील मालकिणीने त्याला नादी लावले, असे गॅस्केल यांनी लिहिले. ती बाई जिवंत होती. तिच्या वकिलांनी अब्रुनुकसानीची धमकी दिली. मे १८५७ मध्ये 'द टाइम्स'मध्ये जाहीर माफी छापावी लागली आणि पुस्तक बाजारातून मागे घेऊन सुधारावे लागले. त्या दोघांत काही होते की नव्हते यावर अभ्यासक आजही वाद घालतात. गॅस्केल यांच्या हातात मात्र कोर्टात टिकेल असा पुरावा नव्हता.

याच ब्रॅनवेलविषयी उलटी दंतकथाही आहे. 'वुदरिंग हाइट्स' बाईमाणूस लिहूच शकत नाही, ती ब्रॅनवेलने लिहिली, असे त्याच्या मित्रांनी त्याच्या मृत्यूनंतर वीसेक वर्षांनी सांगायला सुरुवात केली. शार्लट हयात असताना, तिला उत्तर देता आले असते तेव्हा, कोणी हे जाहीरपणे बोलले नाही. एमिलीच्या नावाला यापेक्षा मोठा अन्याय कोणता?

घरातल्यांनीच उभारलेली दंतकथा

आम्हाला सर्वांत जास्त विचार करायला लावणारी गोष्ट ही की, पहिली दंतकथा परक्याने रचलेली नाही. ती शार्लटने रचली. १८५० साली बहिणींच्या पुस्तकांची नवी आवृत्ती काढताना तिने त्यांचा परिचय लिहिला. त्यात एमिली आणि ॲन या जगाचा वारा न लागलेल्या, फारशा न शिकलेल्या, साध्याभोळ्या मुली म्हणून उभ्या राहतात. टीकाकारांनी त्यांच्या कादंबऱ्यांना असभ्य म्हटले होते, त्यावर ही ढाल होती. एमिलीच्या कवितांत तिने स्वतःच्या हाताने बदलही केले. ॲनची 'द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल' ही दारुड्या नवऱ्याच्या जाचातून मुलाला घेऊन बाहेर पडणाऱ्या बाईची धाडसी कादंबरी. ती पुन्हा छापू नये असे तिचे मत होते. माया होती, पण मायेनेच एका बहिणीचा आवाज कित्येक वर्षे दाबला.

दस्तऐवजातली एमिली वेगळी आहे. १८४२ साली ती शार्लटबरोबर ब्रसेल्सला शिकायला गेली, फ्रेंचमध्ये निबंध लिहिले, जर्मन शिकली, पियानो उत्तम वाजवी. खालाच्या वारशाचे पैसे बहिणींनी रेल्वेच्या शेअरमध्ये गुंतवले होते. त्याचा कारभार एमिली पाही, बातम्या वाचून भाव समजून घेई. माळरानावर वाऱ्याशी बोलणारी मुलगी आणि शेअरचा हिशेब ठेवणारी मुलगी एकच होती.

लपवलेली पत्रे

काही वेळा खोटे छापून नव्हे, तर खरे झाकून दंतकथा बनते. ब्रसेल्समधले शिक्षक कॉन्स्तांताँ एजे यांच्यात शार्लटचे मन गुंतले होते. ते विवाहित होते. घरी परतल्यावर तिने त्यांना व्याकूळ पत्रे लिहिली. एजे यांनी ती फाडली, पण कोणीतरी तुकडे जोडून ठेवले. गॅस्केल यांना ब्रसेल्समध्ये या पत्रांची माहिती झाली होती, तरी त्यांनी पुस्तकात ती येऊ दिली नाही. १९१३ साली एजे यांच्या मुलांनी चार पत्रे ब्रिटिश म्युझियमला दिली आणि ती 'द टाइम्स'मध्ये छापली गेली.

येथे आमचे घरातही दोन पक्ष पडले. एक म्हणतो, गॅस्केल यांनी झाकले ते बरे केले. नवरा आणि बाप जिवंत होते, मेलेल्या मैत्रिणीचे मन चव्हाट्यावर का मांडायचे? दुसरा म्हणतो, मग तेवढीच दया ब्रॅनवेलला आणि पॅट्रिकना का नाही? आम्हाला दुसरा प्रश्न जास्त टोचतो. लाज राखायची तर सर्वांची राखावी.

वाचण्यातली घाई

एक किस्सा सांगून हा भाग संपवतो. १९३६ साली व्हर्जिनिया मूर नावाच्या चरित्रकार बाईंनी एमिलीला एक गुप्त प्रियकर शोधून दिला: लुई पॅरेन्सेल! हे नाव त्यांना एका कवितेच्या हस्तलिखिताच्या मथळ्यात दिसले. नंतर उलगडा झाला की तेथे 'लव्ह्ज फेअरवेल' म्हणजे 'प्रेमाचा निरोप' असे लिहिलेले आहे. अक्षर बारीक, आणि शोधणाऱ्याला जे हवे तेच दिसले. प्रियकर शाईच्या फराट्यांतून जन्मला.

अशा चुका निस्तरायला वेळ लागतो. हॉवर्थच्या संग्रहालयात ग्रंथपाल राहिलेल्या ज्युलिएट बार्कर यांनी स्थानिक वर्तमानपत्रे, चर्चच्या नोंदी आणि पत्रे वर्षानुवर्षे तपासून १९९४ साली संपूर्ण घराण्याचे जाडजूड चरित्र प्रसिद्ध केले, तेव्हा पॅट्रिक यांना बऱ्याच अंशी न्याय मिळाला. त्यांच्या मृत्यूला तोवर १३३ वर्षे झाली होती.

आपल्या घरासाठी

वाचकहो, हे सारे वाचून आम्ही काय घेतले? कोणाही गेलेल्या माणसाविषयी गोष्ट कानावर आली की चार प्रश्न विचारावेत. सांगणारा स्वतः हजर होता का? त्याचा काही राग-लोभ होता का? त्या वेळचा एखादा कागद, पत्र, नोंद आहे का? आणि ज्याच्याविषयी बोलले जाते त्याला उत्तर द्यायची संधी होती का? चारही उत्तरे 'नाही' आली, तर ती गोष्ट पुढे न सांगणे बरे. सांगितली तर ती तहकीक राहत नाही, गीबत होते.

आणि आपल्या घराण्याचे काय? दादाजान फार तापट होते, चाचांनी जमीन उडवली, अमक्या फूफीमुळे घर फुटले, असल्या कहाण्या प्रत्येक घरात पिढ्यान्‌पिढ्या फिरत असतात. त्यांतल्या किती झगा फाडल्याच्या जातीच्या असतील? नानी-दादी अजून हयात असतील तर त्यांच्याजवळ बसावे, त्या सांगतील ते तारखेसह आणि कोणी सांगितले त्या नावासह वहीत लिहावे. जुनी पत्रे, पावत्या, शाळेचे दाखले रद्दीत देऊ नयेत. एखाद्या पोरीने कंटाळून लिहिलेला जेवणाचा बेतही उद्या एखाद्या बापाची साक्ष देईल.